मुक्कामाची गाडी

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात एक जळका सॉकेट आहे. पांढरा, तीन भोकांचा, मोठ्या पिनांचा, घरात गिझरला किंवा एसीला असतो तसा. दोन भोकं स्वच्छ आहेत. डावीकडच्या भोकाभोवती मात्र तपकिरी कडं उमटलंय आणि तिथलं प्लास्टिक मेणासारखं आत ओघळलंय. मागचा पितळी स्क्रू काळाठिक्कर पडलाय. नवरा दोनदा तो फेकायला निघाला होता. मी काढून ठेवला. इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून जे काही शिकले, त्यातलं निम्मं या सॉकेटनं शिकवलं.

गाडी कशी निवडली यावर फार लिहीत नाही. जुनी पेट्रोलची गाडी अकरा वर्षांची झाली होती, रोजचं जाणं-येणं ४५ किलोमीटर, लांबचा प्रवास महिन्यातून एखादा, आणि गाडी उभी करायला स्वतःची हक्काची जागा. ही शेवटची गोष्ट नसती तर मी या वाटेला गेलेच नसते. कुणी विचारलं तर आजही तेच सांगते: रात्री गाडी उभी राहते तिथं वीज नेता येत असेल तर घ्या, नाहीतर थोडं थांबा.

बॅटरी ४० किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या भाषेत ४० युनिटांची. पेट्रोलशी ताडून पाहिलं तर हा आकडा गमतीचा आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे माझी अख्खी बॅटरी जेमतेम साडेचार लिटर पेट्रोलएवढी. एवढ्या टाकीची पेट्रोल गाडी कुणी फुकट दिली तरी घेणार नाही. पण पेट्रोलचं इंजिन त्यातली बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाऱ्यावर सोडतं आणि चाकांपर्यंत पाव-एक हिस्सा पोचवतं. मोटर बॅटरीतली बरीचशी वीज खरोखर चाकाला देते. म्हणून त्या 'साडेचार लिटरां'वर गाडी अडीचशे किलोमीटर सहज जाते.

गाडी घेताना सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, एका चार्जमध्ये किती जाते? मीही तोच विचारत होते. घरच्या भिंतीत काय आहे, हे कुणीच विचारलं नाही.

गाडीबरोबर एक केबल आली. एका टोकाला घरगुती मोठा प्लग, मध्ये वीटभर आकाराचा एक डबा, दुसऱ्या टोकाला गाडीत खोचायचं जाड हँडल. पार्किंगच्या भिंतीवर एक सॉकेट होताच, गाडी धुवायच्या पंपासाठी कधीतरी घेतलेला. पहिल्या रात्री सगळं घर खाली उतरलं होतं. प्लग लावला, हँडल खोचलं, आणि डब्यावरचा दिवा लाल झाला. काढून पुन्हा लावलं. पुन्हा लाल.

दुसऱ्या दिवशी गाडी जिथून घेतली तिथं फोन केला. त्यांनी एक मुलगा पाठवला. त्यानं सॉकेट उघडला, खिशातून वायरचा एक तुकडा काढला, काहीतरी केलं, झाकण लावलं. दहा मिनिटांत दिवा हिरवा. "अर्थिंगचा थोडा प्रॉब्लेम होता, केलं मॅनेज," असं म्हणून गेला. काय मॅनेज केलंस, असं मी विचारलं नाही. हिरवा दिवा लागला होता, मी खूश होते.

पुढचे दहा दिवस छान गेले. बाराव्या दिवशी सकाळी खाली आले तर गाडी ६१ टक्क्यांवर थांबलेली. रात्री ३० टक्के होती, सकाळपर्यंत पूर्ण भरायला हवी होती. डब्यावरचा दिवा लाल, आणि हवेत जळक्या प्लास्टिकचा तो ओळखीचा वास, जो आला की आपण घरभर नाक वर करून हिंडतो. प्लग ओढला तर निघेना. आतल्या आत चिकटला होता.

मेन स्विच बंद केला आणि वायरमनकाकांना बोलावलं. साठीच्या घरातले, बोलायला सावकाश. त्यांनी आधी टेस्टर लावून खात्री केली, मग झाकण उघडून बराच वेळ नुसते बघत राहिले.

"ताई, ही वायर कुणी टाकली?"

बोटभर लांबीचा एक लाल तुकडा. त्याचं एक टोक न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरच्या, स्क्रूखाली, दुसरं अर्थच्या, म्हणजे जमिनीशी जोडायच्या, पिनेला.

अर्थची खरी हिरवी वायर मागे वळवलेली होती. काकांनी ती ओढून पाहिली तर हातभर बाहेर आली आणि संपली. भिंतीच्या आत ती कुठंच जोडलेली नव्हती. घर बांधताना कुणीतरी हिरवी वायर दिसावी म्हणून खोचून दिली होती. गाडीची केबल चार्ज करायला नकार देत होती तो याच कारणानं. अर्थ नाही हे तिला कळत होतं. त्या मुलानं अर्थ दिला नाही. न्यूट्रललाच अर्थ म्हणून दाखवलं आणि केबलला फसवलं.

"यानं काय होतं?" मी विचारलं.

काका भिंतीला टेकून उभे राहिले. "न्यूट्रल शाबूत आहे तोवर काही होत नाही. पण मागे कुठं न्यूट्रल तुटला, तर गाडीतून परत येणारा करंट या तुकड्यातून अर्थच्या पिनेवर जाणार. अर्थची पिन गाडीच्या बॉडीला जोडलेली. सकाळी तुम्ही दार उघडायला हात लावणार."

पुढचं ते बोलले नाहीत. मी त्या दाराच्या हँडलकडे बघत राहिले. रोज सकाळी अनवाणी खाली येऊन केबल काढायची सवय मला लागली होती.

आणि न्यूट्रल तुटण्याच्या बेतातच होता. एका स्क्रूखाली एकच वायर बसायची जागा, तिथं दोन कोंबल्यामुळे स्क्रू नीट आवळला गेला नव्हता. सांधा ढिला राहिला आणि ढिला सांधा तापत गेला. नंतर मी कागदावर हिशेब केला. सांध्यातला रोध समजा अवघा ०.१ ओहम, आणि केबल ओढते १५ अँपिअर. उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, १५ गुणिले १५ गुणिले ०.१, म्हणजे २२.५ वॅट. सोल्डरिंगचं साधं आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे रोज रात्री एक सोल्डरिंग आयर्न सॉकेटमध्ये खुपसून मी निवांत झोपत होते.

एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच, का पडली नाही, हा माझा पुढचा प्रश्न. काका हसले. एमसीबीला फक्त प्रवाह कळतो. १५ अँपिअर ठरलेले, १५च जात होते. सांधा तापलाय हे तिला कसं कळणार? मग इतकी वर्षं हाच सॉकेट पंप चालवत होता तेव्हा का जळला नाही? "तेव्हा ही दुसरी वायर नव्हती," काका म्हणाले, "आणि पंप वीस मिनिटांचा पाहुणा. गिझरही तसाच. ही तुमची मुक्कामाची गाडी. संध्याकाळी येते आणि रात्रभर खाते."

तेव्हापासून घरात गाडीचं नाव मुक्कामाची गाडी.

त्यानंतर जे काम झालं ते खरं तर गाडी यायच्या आधी व्हायला हवं होतं. पहिली गोष्ट अर्थिंग. मागच्या बाजूला जमिनीत तांब्याचा मुलामा दिलेला तीन मीटरचा रॉड उभा ठोकला, भोवती ओल धरून ठेवणारी ती राखाडी पूड भरली, वर झाकणाची छोटी चौकट. काकांनी मोजणीच्या यंत्राच्या दोन खुंट्या दूर अंतरावर रोवून अर्थच्या रोधाचं माप घेतलं, ३ ओहमच्या जरा वर. पाच ओहमच्या आत आलं म्हणजे झालं, असं म्हणून त्यांनी चौकटीच्या झाकणावर खडूनं तारीख लिहिली. दर उन्हाळ्यात माती कोरडी पडली की परत मोजायचं, असं बजावून गेले.

दुसरी गोष्ट वायर. जुन्या सॉकेटला अडीच स्क्वेअर एमएमची वायर होती आणि तीही आणखी दोन दिव्यांना पुरवठा करत जात होती. आता मीटरच्या बोर्डापासून थेट पार्किंगपर्यंत सहा स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल टाकली, मध्ये एकही सांधा नाही. तिला स्वतःची एमसीबी आणि स्वतःची ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट कुठं गळायला लागला की पुरवठा तोडणारा स्विच. या आरसीसीबीबद्दल एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. गाडीच्या आत एसीचा (दिशा बदलत वाहणाऱ्या करंटचा) डीसी (एकाच दिशेनं वाहणारा) करणारं यंत्र बसलेलं असतं. त्यात बिघाड झाला तर डीसी करंट गळू शकतो, आणि अशा गळतीनं साधी एसी टाइपची आरसीसीबी आंधळी होते. समोर माणसाला शॉक बसत असला तरी ती पडेलच असं नाही. म्हणून ए टाइपची घ्यायची, आणि गाडी चार्ज करायला भिंतीवर जो नवा डबा लावतात त्यात ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखायची सोय आहे का ते बघायचं. माझ्या डब्यात होती. नसती तर बी टाइपची आरसीसीबी लागली असती.

तो भिंतीवरचा डबा. त्याला सगळे चार्जर म्हणतात, मीही म्हणते, पण तो चार्जर नाही. चार्जर गाडीच्या पोटात असतो. डबा म्हणजे फार तर हुशार दरवान. बॅटरीला डीसी लागतो, भिंतीतून एसी येतो, त्याचं रूपांतर गाडी स्वतः करते, आणि ती किती वेगानं करू शकते हे तिच्या आतल्या यंत्रावर ठरतं. आतलं यंत्र ३.३ किलोवॅटचं असेल तर भिंतीवर ११ किलोवॅटचा डबा टांगून काही उपयोग नाही. एका ओळखीच्यांनी नेमकं तेच केलंय. त्यांच्या डब्यावर दिवे मात्र सुंदर लागतात.

माझी गाडी ७.२ किलोवॅटपर्यंत घेते. त्यासाठी ३२ अँपिअर लागतात, आणि घराचा मंजूर भार होता पाच किलोवॅट. भार वाढवायचा अर्ज केला, तो यथावकाश मंजूर झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं हे आहे की भार वाढूनही मी डबा १६ अँपिअरवरच ठेवला. २३० गुणिले १६ म्हणजे ३.६८ किलोवॅट. रोजचे ४५ किलोमीटर म्हणजे सात-आठ युनिट. दोन-अडीच तासांचं काम, आणि गाडी उभी असते अकरा तास. घाई कुणाला आहे? घरच्या चार्जिंगला वेग हवा असं सगळे समजतात. माझ्या मते वेग ही बाहेरच्या रस्त्यावरची गरज आहे, घरी लागतो तो घट्ट स्क्रू. शिवाय निम्म्या प्रवाहाला सांध्यात चौथाईच उष्णता होते, हे त्या जळक्या सॉकेटच्या हिशेबातून डोक्यात पक्कं बसलंय.

पण फार हळू चार्ज करणंही तोट्याचं, हे मला मीटरनं शिकवलं. पार्किंगच्या लाइनला वेगळा मीटर बसवला होता. भिंतीतून १०० युनिट गेले तर बॅटरीत ८८-८९ पोचतात. बाकीचे रूपांतरात आणि गाडीचे संगणक, पंप जागे ठेवण्यात जातात. हा जागरणाचा खर्च प्रवाह कमी असो की जास्त, तासाला साधारण तेवढाच. त्यामुळे प्रवाह जितका कमी तितके जागरणाचे तास जास्त.

मग पावसाळा आला आणि आईनं पार्किंगमध्ये पहारा सुरू केला. आमचं पार्किंग अर्धं उघडं आहे, तिरका पाऊस आला की गाडीचं तोंड भिजतं. "पावसात त्या नळीला हात लावायचा नाही," असा तिनं हुकूम काढला. हँडलला ती नळी म्हणते, आणि खरं सांगायचं तर शब्द चुकीचा नाही.

तिला समजवायला म्हणून मी एका संध्याकाळी तिला गाडीजवळ उभं केलं. हँडलमध्ये दोन जाड पिना विजेच्या, एक अर्थची, आणि दोन बारीक. मोकळं हँडल हातात धरलं तर जाड पिनांमध्ये वीज नसते. डब्याच्या आत एक स्विच तो रस्ता तोडून बसलेला असतो. बारीक पिनेवर फक्त १२ व्होल्टचा एक निरोप असतो. हँडल गाडीत पूर्ण बसलं की गाडी तो निरोप खाली ओढते, १२चे ९ व्होल्ट होतात, म्हणजे 'मी आले'. तेव्हा डबा सेकंदाला हजार ठोके या गतीनं इशारे द्यायला लागतो, आणि प्रत्येक ठोक्याची लांबी सांगते की मी जास्तीत जास्त किती अँपिअर देऊ शकतो. गाडी तयार असेल तर ९चे ६ करते. मगच डब्यातला स्विच आत पडतो. हे सगळं व्हायला दोन-तीन सेकंद लागतात आणि शेवटी 'खट्' असा आवाज येतो.

"ऐकलंस? आत्ता वीज आली."

आईनं विचार केला. "म्हणजे वीज विचारून येते म्हणतेस?"

"हो, इथं विचारूनच येते."

मग मी बटण दाबून हँडल काढायला घेतलं. आधी 'खट्', मग कडी सुटली, मग हँडल बाहेर. वीज जाते आणि मग पिना सुटतात, हा क्रम तिनं तीन वेळा करून बघितला. आता पावसात मी उशिरा आले तर तीच छत्री घेऊन जाते आणि नळी लावते. पण आभाळात कडकडाट सुरू असेल तेव्हा लावत नाही, "ती वीज विचारत नाही," असं म्हणते. बोर्डात सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला लोंढा जमिनीत वळवणारं उपकरण, बसवलाय, तरी याबाबतीत मी तिचं ऐकते.

तिच्या दृष्टीनं हे सगळं नवीन खूळ होतं. म्हणून तिला सांगितलं की १८९९ साली रस्त्यावरच्या गाडीनं ताशी शंभर किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला ती गाडी विजेचीच होती, आणि पेट्रोलच्या गाड्या घरोघरी पोचवणाऱ्या हेन्री फोर्डची बायको क्लारा स्वतः विजेची गाडी चालवायची, १९१४ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक. वेगाचं तिला काही वाटलं नाही. क्लाराचं आवडलं.

सवयी कशा बदलल्या ते सांगायला हवं. पेट्रोलच्या गाडीत काटा खाली आला की आपण पंप गाठतो. पहिला महिना मी तशीच वागत होते, २० टक्के होईपर्यंत प्लग लावायचा नाही. ऑफिसातल्या एकानं तर बजावलं होतं की बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नका, आयुष्य कमी होतं. हा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. त्या अर्धवट उतरवून भरत राहिलं तर तेवढंच लक्षात ठेवायच्या. लिथियमच्या बॅटरीला असं काही नसतं, उलट तिला तळ गाठणंच सोसत नाही. आता घरी आले की चप्पल काढावी तसा प्लग लावते.

किती टक्क्यांपर्यंत भरायची हा मात्र ज्याच्या त्याच्या बॅटरीचा प्रश्न. निकेल-मँगनीज-कोबाल्टवाल्या बॅटरीला रोजच्या वापरात ८० टक्क्यांवर थांबवणं मानवतं. माझी लिथियम-आयर्न-फॉस्फेटची. तिला आठवड्यातून एकदा पूर्ण १०० करा, असं गाडीच्या पुस्तिकेतच लिहिलंय. कारण असं की या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतं. ३० टक्के आणि ७० टक्के यांत व्होल्टेजचा फरक इतका थोडा की गाडीला स्वतःलाच नक्की किती उरलंय ते ओळखता येत नाही. पूर्ण भरली की तिचा हिशेब पुन्हा जागेवर येतो. एकदा महिनाभर मी हे केलं नाही, तर एका सकाळी आकडा ४४वरून थेट ३७वर उतरला, गाडी जागची हललीही नव्हती.

त्या शंभर टक्क्यांची एक गंमत पहिल्यांदा कळली तेव्हा हृदयाचा ठोका चुकला होता. एरवी पेडलवरून पाय उचलला की गाडी आपोआप संथ होते, मोटर उलटी जनित्रासारखी चालून वीज परत बॅटरीत टाकते. पंधरा दिवसांत पायाला त्याची इतकी सवय होते की ब्रेक आहे हेच विसरायला होतं. पूर्ण भरलेल्या बॅटरीत मात्र ती वीज टाकायला जागा नसते. पहिल्या उतारावर पाय उचलला आणि गाडी जशीच्या तशी पुढे. ब्रेक होता, लागलाही. पण आता पूर्ण भरलेल्या दिवशी गेटबाहेर पडतानाच एकदा ब्रेक दाबून बघते.

पहिला लांबचा प्रवास मामाकडे, १९० किलोमीटर. निघताना पडद्यावर आकडा ३१२. माझा नवरा त्या आकड्यावर विश्वास ठेवून मागे झोपला. तो आकडा म्हणजे गेल्या काही दिवसांच्या चालवण्यावरून गाडीनं बांधलेला अंदाज, आणि गेले काही दिवस मी शहरात ताशी चाळीसनं फिरत होते. मोठ्या रस्त्यावर शंभरनं जायला लागल्यावर पाच किलोमीटर गेले की आकडा आठनं उतरायचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, ८०चे १०० केले की तो दीडपटीहून जास्त. नव्वदवर आणलं तेव्हा घसरण थांबली. पोचलो तेव्हा १७ टक्के. नवरा उठून म्हणाला, "बघ, आरामात आलो."

मामाचं घर जुनं. अंगणात एक सॉकेट. मी आधी झाकण उघडायला लावलं, मामाला वाटलं हिला झालंय काय. आतली हिरवी वायर खरोखर कुठंतरी जात होती, मल्टिमीटरनं फेज (वीज आणणारी वायर) ते अर्थ आणि फेज ते न्यूट्रल जवळजवळ सारखंच दाखवलं. स्क्रू मी स्वतः आवळले. गाडीच्या मेनूत जाऊन प्रवाह ८ अँपिअरवर आणला, आणि पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी प्लगवर हाताची मागची बाजू टेकवून बघत होते, तापलेल्या पोराचं कपाळ बघतात तसं. कोमट, बस्. मामा एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन आला होता, वायर नीट गुंडाळलेली. गुंडाळी न सोडता तिच्यातून इतका वेळ करंट नेला तर आतली उष्णता बाहेर पडायला जागा राहत नाही आणि वेटोळं आतून वितळतं, हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "तू गाडी घेतलीस की वायरमनकी शिकलीस?"

सकाळी ६३ टक्के. परतीला तेवढे पुरणारे नव्हते, वाटेत एका जलद चार्जरवर वीस-पंचवीस मिनिटं थांबलो. ती थेट डीसी देणारी यंत्रं, गाडीच्या पोटातला चार्जर बाजूला ठेवून सरळ बॅटरीशी बोलतात. ८० टक्के झाल्यावर उठावं, पुढे वेग इतका मंदावतो की शेवटच्या वीस टक्क्यांत आपण आधीच्या चाळीसचा वेळ घालवतो. आमच्या मागे एकजण रांगेत होता आणि पुढचा माणूस ९३वर बसून शंभरची वाट बघत होता. कुणी त्याला काही बोललं नाही. मी जरा मोठ्यानं घड्याळ बघितलं.

एकच तक्रार राहिली. एकदा तीन आठवडे गाडी जागची हलली नाही. परत आले तर दारं उघडेनात, पडदा मेलेला. मोठ्या बॅटरीत तीसेक युनिट वीज पडून होती. पण कुलुपं, संगणक, दिवे आणि मोठी बॅटरी जोडणारा स्विच हे सगळं पेट्रोल गाडीत असते तशाच छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, आणि ती उतरली होती. किल्लीतून छोटी धातूची किल्ली काढून दार उघडलं, शेजाऱ्यांच्या जुन्या डिझेल गाडीवरून वायरी जोडल्या. शेजारी आठवडाभर खूश होते.

परवा धाकट्या जावेचा फोन आला. शनिवारी गाडी घरी येतेय, पांढरी घ्यावी की निळी हे अजून ठरत नाहीये, मला काय वाटतं? मी म्हटलं, रंग कुठलाही घे, आधी पार्किंगमधल्या सॉकेटचा फोटो पाठव. लगेच आला. नवाकोरा, चकचकीत. "नुकताच बसवलाय गं," असं खाली लिहिलेलं.

मेन बंद करून वायरमनला झाकण उघडायला सांग, म्हटलं, आणि आतला पाठव.

रात्री दहाला तो फोटो आला. फेज व्यवस्थित, न्यूट्रल व्यवस्थित. हिरवी वायर मागे दुमडून काळ्या टेपनं नीट गुंडाळलेली होती.